उभ्या गाडीची बॅटरी कोण पितं?

३ फेब्रुवारी
संघटनेचं परिपत्रक

राखीव गाड्या चालवणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

गाडी वेळेवर पोचली तर कौतुक डॉक्टरांचं, आणि सुरूच झाली नाही तर नोटीस चालकाला. हा न्याय आपण किती वर्षं पाठीवर घेत आलो आहोत, हे मी तुम्हाला सांगायला नको. या हिवाळ्यात तीन राखीव गाड्या ऐन वेळी मुक्या राहिल्या. तिन्ही नव्या, तिन्ही बटणावर सुरू होणाऱ्या, तिन्हींची बॅटरी उतरलेली. वरून तिन्ही वेळा एकच शब्द आला: निष्काळजीपणा. गाडीला कोणी विचारलं? बोनेट उघडून कोणी आत हात घातला? नाही. यंत्र तपासायचं तर अवजार लागतं, माणसाला दोषी ठरवायला नुसता कागद पुरतो. आपल्यातल्या दोघांनी तर भीतीने 'चूक झाली' म्हणून सह्याही करून टाकल्या. तिसऱ्याने करू नये. ज्याची गाडी उभ्या-उभ्या मरते आहे त्याने मला सविस्तर लिहावं.

तुमचा,
सरचिटणीस

(खाली हाताने) भिंगरे, तिसरं नाव तुझं आहे हे मला परक्याकडून कळलं. सख्खा मामा मेला आहे असं समजलीस का? घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सहा आठवडे तोंड उघडायला मनाई केली आहे, तेव्हा फोन करू नकोस. मोबाइलवर दोन बोटांनी लिहिणं माझ्याच्याने होत नाही, माझं वाक्य त्या खिडकीत मावत नाही. आपल्या चालकांच्या हातीच पत्र धाड. आजचं उद्या पोचतं.

५ फेब्रुवारी

प्रिय मामा,
सा. न.

रागावू नकोस. तू आजारी, त्यात हे. आईने बजावलं होतं, 'त्याला कळलं तर टाके तुटेपर्यंत भाषण ठोकेल.'

झालं ते असं. रक्तपेढीकडे दोन गाड्या आहेत. जुनी गाडी घेऊन अण्णा रोजच्या फेऱ्या करतात. नवी गाडी राखीव, ती माझ्याकडे. तातडीचा फोन आला तरच ती हलते. त्यामुळे कधीकधी दोन-दोन, तीन-तीन दिवस शेडमध्ये उभी असते. अशी दोन दिवस उभी राहिली की ती मरते. डिसेंबरात एकदा मेली, जानेवारीच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा. मग बॅटरी नवी घातली. तीसला पलीकडच्या इस्पितळातून फोन आला, बाळंतिणीला चार पिशव्या हव्या आहेत, लगेच. मी पेटी आत ठेवली, पट्टा लावला, बटण दाबलं. टक्. एवढाच आवाज. काचेवरचे सगळे दिवे एकदम गेले. अण्णा फेरीवरून परत यायला चाळीस मिनिटं लागली. ती बाई वाचली, मामा, पण ती चाळीस मिनिटं मी शेडच्या दारात उभी होते आणि हातात बर्फाची पेटी होती. ते अजून अंगातून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी बोलावलं.

"दिवे चालू राहिले असतील."

"नव्हते, साहेब."

"मग गाणी ऐकत बसली असशील."

"साहेब, त्या गाडीत रेडिओच नाही."

"रेडिओ नाही हे मात्र पक्कं ठाऊक आहे तुला!"

आता यावर काय बोलायचं, तूच सांग. चोवीस तारखेला चौकशी आहे. दोष माझ्यावर आला तर परवान्यावर शेरा पडेल आणि पुन्हा तातडीची गाडी जन्मात हातात मिळणार नाही. मला दुसरं काही येत नाही, आणि यायला नकोही आहे.

तुझी,
भिंगरी

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला सांग, टाके शाबूत आहेत, भाषण कागदावर ठोकतो आहे.

आधी विचार कर, मग हत्यार उचल. बॅटरी नवी, म्हणजे दोष तिचा नाही. गाडी चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लाव. चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले तर भरणारं यंत्रही ठीक आहे. मग उरतं काय? उभ्या गाडीत काहीतरी जागं आहे आणि ते गुपचूप पितं आहे. झोपलेली गाडीसुद्धा थोडं पितेच, घड्याळासाठी, कुलपासाठी. पण ते अँपिअरच्या शंभराव्या हिश्शाच्या तीनपट, म्हणजे ०.०३, फार तर ०.०५. त्याहून जास्त असेल तर समज, घरात चोर आहे.

चोर असा पकड. बोनेट उघड. चालकाच्या दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बसव, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटेल, आणि फ्यूजच्या डब्यापर्यंत तुझा हात पोचेल. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची तार सोडव. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाल आणि मीटर त्या तारेच्या आणि टोकाच्या मधे लाव. आता गाडी जे पिईल ते मीटरमधून जाईल. मग चाळीस मिनिटं गप्प बस. (तुला हेच जड जाईल.) या नव्या गाड्यांना झोप लागायला वेळ लागतो. आकडा खाली आला नाही, तर एकेक फ्यूज उपट. ज्याच्यानंतर आकडा धाडकन पडेल, चोर त्या फ्यूजच्या घरात.

किल्ली मात्र खिळ्यावरच ठेव. तपासणी असो नाहीतर प्रलय, संघटनेचा नियम बारा मोडायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी किल्ल्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायच्या. ड्रॉवरची किल्ली कारकुनाच्या खिशात आणि कारकून जेवायला. अकरा मिनिटं शोधाशोध चालली आणि इस्पितळाच्या फाटकापाशी माणसाचा जीव गेला. आपण अकरा दिवस गाड्या उभ्या केल्या, तेव्हा कुठे प्रत्येक शेडमध्ये चालकाच्या दारापासून हातभर अंतरावर खिळा ठोकला गेला. माझ्या आयुष्यात मी दुसरं काही मिळवलं असेल-नसेल, तो खिळा मिळवला आहे.

तुझा,
मामा

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पहिल्या दिवशी सत्यानाश केला. सगळं सांगितल्याप्रमाणे लावलं आणि सवयीने बटण दाबलं! मीटरच्या आतला फ्यूज उडाला. अण्णा म्हणाले, "मामाने गप्प बसायला सांगितलं होतं, हात बांधून ठेवायला सांगायचं राहिलं." नवा फ्यूज घालून काल पुन्हा बसले.

चालू गाडीत १४.२ व्होल्ट. म्हणजे भरणारं यंत्र ठीक. मग तार सोडवून मीटर मधे घातलं. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, आकडा ०.८२ वर. दोन दिवसांत बॅटरीचा जीव घ्यायला एवढं पुरतं का रे?

मला आधीपासून गाडीत बसवलेल्या रक्ताच्या थंड पेटीचा संशय होता. तिचा फ्यूज उपटला. ०.८२. गाडी कुठे आहे ते ऑफिसला कळवणारा डबा आहे, त्याचा उपटला. ०.८१. मागचे दिवे, वरचा निळा दिवा, भोंगा. ढिम्म नाही. मग 'दारं व कुलूप' लिहिलेला उपटला आणि आकडा थेट ०.०३! मी एकटीच ओरडले शेडमध्ये.

एक गोष्ट विचित्र घडली. मीटर लावल्यावर, फ्यूज उपटायच्या आधी, मी चहा करून घ्यायला माझ्या खोलीवर गेले होते. बोनेट उघडं टाकून जायचं म्हणून किल्ली खिशात घातली. खोली अंगणापलीकडे, पाऊणशे पावलं. परत येताना लांबूनच मीटर बघितलं तर ०.०३. जवळ पोचून किल्ली खिळ्याला अडकवेपर्यंत पुन्हा वर चढलं आणि मग ०.८ वरून हललं नाही. मीटर बिघडलंय का?

अधीक्षक दोनदा डोकावून गेले. "गाडी दुरुस्त करते आहेस की पुरावा?" म्हणाले. मी हसून आकडे लिहीत राहिले.

भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

शाब्बास! पुरतं का विचारतेस? तासाला ०.८२, दोन दिवसांचे अठ्ठेचाळीस तास, चाळीसच्या घरात गेलं. तुझ्या बॅटरीत सगळं मिळून पन्नास. मग टक् नाही तर काय होईल?

मीटर बिघडलेलं नाही, तुझी चिमटी ढिली आहे. तार नीट टेकली नाही की आकडा असा पडतो-चढतो. घट्ट लाव आणि ते विसर.

आता बोलायचं ते एवढंच: कुलपाचं यंत्र सदोष आहे. कारखान्यातून सदोष आलेलं यंत्र, आणि शेरा माझ्या भाचीच्या परवान्यावर! अर्ज लिही. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाठवा, कुलपाचं यंत्र तपासून लेखी द्या, आणि तो कागद चौकशीत ठेवा अशी मागणी कर. मी इकडून दुसरा अर्ज धाडतो आहे. त्यांना तपासणी हवी होती ना? होऊन जाऊ दे. हा कागद त्यांच्या टेबलावर पडला की चोवीस तारखेला खाली मान घालून कोण बसतं ते बघू.

मामा

१७ फेब्रुवारी

मामा,

कागद आला. आपल्यावरच उलटला.

गाडी वर्कशॉपमध्ये चार दिवस होती. त्यांनी तीन दिवस तिला हात न लावता उभी ठेवली आणि चौथ्या दिवशी बटण दाबलं. एका दमात सुरू. मीटरवर ०.०३. यंत्र निर्दोष, वायरिंग निर्दोष, गाडी निर्दोष, खाली शिक्का. मी मिस्त्रीला म्हटलं, "अहो, माझ्याकडे हीच गाडी दोन दिवसांत मरते." तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "ताई, आमच्याकडे गाडी अंगणात, किल्ली काउंटरवर, कोणी शिवत नाही. तुमच्याकडे कोण शिवतं ते तुम्ही बघा."

अधीक्षकांनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला. "तुमच्या मामांनीच मागवला ना?" म्हणाले. मग खुर्चीत रेलून, अगदी प्रेमाने, "गाड्या नव्या आल्या, पण माणसं तीच. किल्ल्या पुन्हा माझ्या ड्रॉवरमध्ये आल्या की हे सगळं थांबेल. चौकशीत मी तेच सुचवणार आहे."

गाडी तिकडे निरोगी आणि आपल्या शेडमध्ये आजारी. मी रोज तिच्याकडे बघत बसते. काल संध्याकाळी उभी केली, आता पुन्हा पीत असेल.

भिंगरी

१८ फेब्रुवारी

भिंगरे,

तिकडे निरोगी आणि इकडे आजारी, याचा अर्थ एकच. शेडमध्ये कोणीतरी येतं. ज्याला किल्ल्या ड्रॉवरमध्ये परत हव्या आहेत, त्याला गाडी मेलेली हवी आहे. मी असले डाव आयुष्यभर बघत आलो आहे. उद्यापासून शेडचं दार नजरेआड करू नकोस. कोण येतं, कधी येतं, कोणत्या दाराला हात लावतं, सगळं लिहून ठेव. अण्णांना साक्षीला घे. आणि काही झालं तरी कशावरही सही करायची नाही. ऐकलंस? सही नाही.

मामा

२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,
सा. न.

शेडमध्ये कोणी येत नाही. दोन दिवस मी आणि अण्णांनी आळीपाळीने पहारा केला. एक मांजर सोडली तर चिटपाखरूही फिरकलं नाही. अधीक्षकांचा यात हात नाही. कोणावर खोटा आळ नको.

चूक माझी होती. आतला छोटा दिवा माझ्याकडून चालू राहत असे. मी आज तसं लिहून दिलं आहे. चौकशी सोमवारी आहे, पण आता ती नावापुरतीच. शेरा पडेल. मी शाळेच्या बसवर अर्ज करीन, तिथे चालतं म्हणतात.

तू घशाला जप. मामीला सांग, कढत काही देऊ नकोस. नियम बारा शाबूत राहील, त्याची काळजी करू नकोस. किल्ल्या ड्रॉवरमध्ये जाणार नाहीत. मी एकटीचीच चूक म्हणून लिहिलं आहे, त्यामुळे तो विषय चौकशीत निघायचं कारण नाही.

तुझी,
भिंगरी

२३ फेब्रुवारी, रविवार

चि. भिंगरीस,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. तीनदा वाचलं. मामीने विचारलं, "काय झालं?" मी पाटीवर लिहिलं, 'पोरगी खोटं बोलते आहे.' ती म्हणाली, "मग तुमच्यासाठीच बोलत असेल." मला कळायला एक तास लागला, तिला एक क्षण.

आतला छोटा दिवा? तो पाच वॅटचा. फार तर ०.४ अँपिअर खाईल, ०.८२ नाही. शिवाय तुझ्या गाडीतला दिवा विसरला तरी आपोआप विझतो. तू आकडा घेतलास तेव्हा तो बंदच होता. हे तुला माहीत आहे आणि मलाही. आणि नियम बाराचा विषय काढला कोणी? मी पहारा ठेव म्हटलं, तू खिळ्याला अभय दिलंस. ज्या गोष्टीवर कोणी बोट ठेवलेलं नाही तिच्यापुढे माणूस हात आडवा का धरतो?

मग मी तुझी पत्रं पुढे घेऊन बसलो. चहाला गेलीस, किल्ली खिशात, पाऊणशे पावलांवर, आकडा ०.०३. परत आलीस, किल्ली खिळ्यावर, आकडा ०.८. तू मला अचूक सांगितलं होतंस आणि मी म्हणालो, चिमटी ढिली आहे. वर्कशॉपमध्ये किल्ली काउंटरवर, गाडी झोपलेली. मी म्हणालो, घातपात. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की आधी यंत्राला विचारा. यंत्र बोललं, आणि मी त्याच्यावर ओरडलो.

तुझं पत्र आणणाऱ्या चालकाची गाडी तुझ्याच जातीची निघाली. त्याला हाताने खुणा करून थांबवलं. दार बंद, मीटर मधे, किल्ली आमच्या भिंतीवरच्या खिळ्याला, गाडीपासून हातभर. तासभर बसलो. ०.७९. किल्ली मामीच्या हातात देऊन तिला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पाठवलं. दहा मिनिटांत आकडा खाली यायला लागला आणि मग ०.०३. किल्ली परत खिळ्यावर. ०.७९. चार वेळा केलं. मामी म्हणाली, "आता पुरे, दुकानदार विचारतोय काय हरवलंय."

आता तूही हे ऐक, जरी तुला ते कळून चुकलं असलं तरी. जुनी किल्ली लोखंडाचा तुकडा होती, हातभर अंतरावर मुकी टांगलेली राहायची. नवी किल्ली मुकी नाही. ती गाडीशी सतत बोलते, आणि मालक दारात उभा आहे असं समजून गाडी रात्रंदिवस डोळे उघडे ठेवते. जागी गाडी पिते. तिला जागं ठेवणारा खिळा मी ठोकला. तिन्ही शेडमध्ये. त्या बाळंतिणीची चाळीस मिनिटं माझ्या नियमाने खाल्ली. आधीच्या दोघांच्या परवान्यांवरचे शेरेही माझ्या नियमाचेच. हे लिहिल्यावाचून सोडणार नाही.

तू काय विचार केलास ते मला दिसतं आहे. खिळ्याचं नाव घेतलं तर किल्ल्या ड्रॉवरमध्ये जातील आणि म्हातारा खचेल. त्यापेक्षा एकटीच्या परवान्यावर शेरा बरा. भिंगरे, हे प्रेम आहे हे मला समजतं, पण याच्याइतकं घातक प्रेम मी पाहिलेलं नाही. तू सही केलीस म्हणून गाडी पिणं थांबणार नाही. तू शाळेच्या बसवर जाशील. तुझ्या जागी येणारा नवा माणूस किल्ली त्याच खिळ्याला अडकवेल. दोन दिवसांनी पुन्हा फोन येईल आणि पुन्हा टक् होईल. त्या वेळी पलीकडची बाई वाचेलच असं कोणी लिहून दिलं आहे? नियमाची चूक माणसाच्या नावावर चढवली की चूक जगते आणि माणूस मरतो. साहेबांनी हे केलं की आपण त्याला अन्याय म्हणतो. आपण आपल्याच माणसावर आपल्याच हाताने केलं तर त्याला काय म्हणायचं?

आणि ड्रॉवरला घाबरू नकोस. आम्ही अकरा दिवस लढलो ते खिळ्यासाठी नव्हे. किल्ली चालकाच्या हातात असावी, तिसऱ्याच्या कुलपात नसावी, यासाठी लढलो. मीच पुढे खिळ्याची आरती करत बसलो. किल्ली चालकाच्या खिशात राहील, त्याच्या खोलीत राहील, गाडीपासून दहा-पंधरा पावलं लांब, आणि फोन आला की त्याच्याबरोबरच धावत येईल. ड्रॉवरमध्ये का नको, ते अधीक्षकांनी विचारलं तर तेही मी लिहून ठेवलं आहे, अकरा मिनिटांच्या हिशेबासह.

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यात चारही वेळचे आकडे, वेळा, आणि त्या चालकाची व मामीची साक्ष. दुसऱ्यात माझ्या सहीने कबुली: नियम बारा मी घातला, नव्या गाड्यांसाठी तो मी तपासला नाही, तिन्ही चालक निर्दोष आहेत, आणि संघटना आजपासून तो नियम बदलत आहे. त्या दोघा चालकांनाही याची प्रत आजच जाते आहे. मला लाज वाटते आहे, आणि ती वाटू दे. तेवढ्याने माणूस मरत नाही.

चौकशी उद्या सकाळी अकराला. एकदा ती सुरू झाली की तुझा कागद पुरावा होईल आणि मग माझे दहा कागदही त्याला उठवू शकणार नाहीत. हे पत्र खास एका चालकाच्या हाती धाडतो आहे, तुला आज संध्याकाळपर्यंत मिळेल. वाद घालू नकोस, मला जपू नकोस, अण्णांना विचारत बसू नकोस. उद्या दहाच्या आत अधीक्षकांच्या खोलीत जा, आणि तुझ्या सहीचा तो कागद परत माग.

तुझा,
मामा